मधलीच्या वादातला भोपळा

मी भोपळा बोलतोय. भाजीचा नव्हे. भाजीचे माझे भाऊबंद कधीच कुणाच्या तरी पोटात गेले. मी वाळलेला, आतून पोकळ, चुलीच्या धुराने तांबूस झालेला आणि करंजाचं तेल पिऊन पिऊन चकचकीत झालेला दुध्या भोपळा आहे. वयाची चाळिशी मी केव्हाच ओलांडली. आमच्या जातीत एवढं आयुष्य कुणाला लाभत नाही, आणि लाभलंच तरी दोन गावांचा न्याय करायचं काम काही मिळत नाही. मला दोन्ही मिळालं, तेव्हा बोलण्यात थोडा तोरा आला तर समजून घ्या.

बदलापूर आणि वांगणीच्या मधे एका ठिकाणी उल्हास नदीचे दोन फाटे होतात आणि पाच-सहाशे पावलांवर ते पुन्हा एकमेकांना मिळतात. मधे जी जमीन राहते, तिला दोन्ही काठांवर ‘मधली’ म्हणतात. बेट म्हणावं तर जेमतेम दोन एकरांचं, पावसाळ्यात अर्धं पाण्याखाली जाणारं. पण पाऊस सरल्यावर तिच्यावर जो काळाभोर गाळ उरतो, त्याला तोड नाही. वाल टाका, मुळा टाका, काकडी टाका, खताची गरज नाही. मधलीचा वाल उल्हासनगरच्या बाजारात सिंधी व्यापारीसुद्धा नाव घेऊन मागतात.

नदीच्या बदलापूर स्टेशनाकडच्या काठावर खैरवली, पलीकडच्या काठावर करंजपाडा, आणि मधलीवर दोघांचाही डोळा. वाद किती जुना आहे ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक दोन्ही गावांना आहे, पण प्रत्येकाला वेगळं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं, की नदी ही हद्द. अडचण एवढीच होती की नदी कुठली?

फाटे दोन. त्यातला एक नदी आणि दुसरा नुसता ओहळ. नदी खैरवलीच्या दारातून वाहत असेल, तर मधली करंजपाड्याच्या अंगाला लागली. नदी करंजपाड्याच्या दारातून वाहत असेल, तर मधली खैरवलीची. त्यामुळे खैरवलीकर म्हणायचे, ‘नदी तुमच्या दारात आहे, आमच्याकडे काय, ओहळ.’ करंजपाडेकर म्हणायचे, ‘ओहळ आमच्याकडे, नदी तुमची.’ जगात लोक नदी आपली म्हणून भांडतात. ही दोन गावं नदी तुमची म्हणून भांडत होती.

काठ्या चालल्या, डोकी फुटली, लग्नं मोडली. मग प्रकरण कोर्टात गेलं. साहेबांनी विचारलं, नदी कुठून वाहते? दोन्ही वकिलांनी दहा-दहा म्हातारे उभे केले आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी शपथेवर खरं तेच सांगितलं. कारण नदी खरोखरच एक वर्ष इकडून वाहायची, एक वर्ष तिकडून. तारखा पडत राहिल्या आणि मधलीवर कुणीच पेरेना. चांगल्या गाळात नुसता तरवड माजला.

त्याच दिवसांत माझा जन्म झाला. करंजपाड्याच्या नदीकाठच्या अगदी शेवटच्या घरावर, विठाच्या कौलांवर. विठाचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात मी लागलो, म्हणूनच वाचलो. बाकीचे कोवळेपणीच उतरले आणि चण्याच्या डाळीत पडले. मी तिथेच जून झालो. वेल वाळल्यावर विठाने मला शिडी लावून उतरवलं, नखाने टोकरून पाहिलं आणि म्हणाली, “ह्यो राहू दे. ह्यो पोरांना पोहायला कामाला येल.”

एक हिवाळा मी चुलीवरच्या शिंक्यात धूर खाल्ला. मग विठाने मला करंजेल चोळलं, कमरेला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि पाण्यात ढकललं. तेव्हापासून पोरांच्या पाठीला बांधून घ्यायचं माझं काम सुरू झालं. विठाचं माहेर खैरवली आणि सासर करंजपाडा, त्यामुळे दोन्हीकडची पोरं तिच्याकडे पोहायला शिकायची. पोर कुणाचं हे ती विचारायची नाही. आज ज्यांच्या पोटाचा घेर माझ्यापेक्षा मोठा आहे, अशा कितीतरी माणसांना मी एके काळी पाण्यावर धरून ठेवलं आहे. ते माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळख दिसते, आणि मला बरं वाटतं.

पुढे एका दिवाळीत दोन्ही गावांची बैठक मधलीवर बसली. कुणीतरी म्हणालं, नदीलाच विचारू. वरच्या खडकावरून काहीतरी सोडायचं, ते ज्या फाट्याने जाईल ती नदी. पहिल्यांदा नारळ सोडला. खाली पोरांनी तो पकडून फोडून खाल्ला आणि कुठल्या फाट्याने आला हे सांगायला तयार होईनात. मग लाकडाचा ओंडका सोडला, तर तो दगडात अडकून बसला. तेवढ्यात विठा मला काखेत मारून पाण्यात उतरली.

“माजा म्हायेर त्या काठी, सासर ह्या काठी,” ती म्हणाली. “मना कुनाचीच बाजू नाय. ह्यो भोपळा सोडते. जाईल तिकडून नदी, आनि वर्साचा वाद वर्सालाच मिटवायचा.”

तेव्हापासून दर दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी दहाला, विठाच्या घरातली बाई मला वरच्या खडकावरून सोडते आणि दोन्ही काठांवर माणसं उभी राहतात. मी ज्यांच्या दारातून जातो ते हरतात आणि वर्षभर मधली समोरच्यांची होते. त्या गावात ज्या घराची पाळी असेल, ते घर तिच्यावर पेरतं. लोकांना वाटतं मी निवडतो. खरं सांगायचं तर मी काहीच निवडत नाही, पाणी नेईल तिकडे जातो. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एक नियम विठाने मागाहून घातला. जे गाव हरेल, त्यांनी वर्षभर भोपळा सांभाळायचा. जिंकणाऱ्याच्या घरी ठेवला तर तो मला कुठे भोक पाडील, कुठे मेण लावील, याचा भरवसा नव्हता. त्यामुळे मी दोन्ही गावांत राहिलो आहे. करंजपाडा हरला की विठाच्या घरी, आणि खैरवली हरली की भीमरावांच्या घरी.

भीमराव अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. अतिशय टापटिपीचा माणूस. त्यांच्या घरी मला भिंतीवर खास खुंटी होती, खाली कागदाची चिठ्ठी होती, आणि दर रविवारी कोरड्या फडक्याने माझं अंग पुसलं जायचं. विठाच्या घरी मी धान्याच्या कणगीवर पडून असायचो आणि मांजर माझ्यावर झोपायचं. दोन्हीकडे मला आवडायचं. दोन्हीकडे वालाचं बिरडं सारखंच व्हायचं आणि दोन्हीकडे जेवताना एकच वाक्य ऐकू यायचं, ‘त्या काठची माणसं सरळ नाहीत.’

आता यातली गंमत सांगतो. पाणी नेईल तिकडे मी जातो, हे मी सांगितलं नाही तरी हुशार माणसांनी ओळखलंच. मग पाण्यालाच वळवलं तर? पाडव्याच्या आधीचे आठ दिवस, भर दुपारी, जेवणं होऊन गाव आडवं झालं की खैरवलीचे पंधरा-वीस गडी फावडी, घमेली घेऊन गुपचूप मधली ओलांडायचे आणि करंजपाड्याच्या फाट्यात उतरायचे. तिथले दगड काढायचे, वाळू उपसायची, जलपर्णी ओढून काठावर टाकायची. हेतू हा, की धार तिकडे जोरात चालावी आणि भोपळा त्यांच्या दारातून जावा. आणि अगदी त्याच वेळी करंजपाड्याचे गडी खैरवलीच्या फाट्यात कंबरभर पाण्यात उभे राहून तेच करत असायचे.

येता-जाता मधलीवर दोघांची गाठ पडायची. मग दोन्हीकडचे खाकरायचे, आभाळाकडे बघायचे आणि पुढे जायचे. आपल्या दारातला फाटा बुजवायला मात्र कुणी धजत नसे. तिथे बायका धुणं धुवायच्या, आणि त्यांच्याशी वाकडं घ्यायची छाती दोन्ही गावांत कुणाची नव्हती.

विठा गेली. जाताना माझ्याबद्दल काही बोलली नाही, तिला तेवढी निकड वाटली नसावी. तिची नातसून अंजनी मला पाण्यात सोडू लागली. सव्वीस जुलैचा मोठा पूर आला तेव्हा मधली दिसेनाशी झाली आणि खैरवलीची खालची आळी करंजपाड्याच्या शाळेत येऊन राहिली. दहा दिवस एका चुलीवर भात शिजला. पाडव्याला मधली पाण्यातून परत वर आली, तेव्हा तीच माणसं आपापल्या काठावर उभी राहून एकमेकांना शिव्या घालत होती. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. भात वेगळा आणि मधली वेगळी.

मग चार वर्षांपूर्वी मोजणीवाले आले. तरुण, गोड बोलणारे लोक होते. त्यांनी आकाशात ड्रोन उडवला, पडद्यावर नदी पाहिली आणि म्हणाले, यात भांडण्यासारखं काय आहे? उन्हाळ्याचे दिवस होते आणि त्या वर्षी करंजपाड्याचा फाटा रुंद होता. नकाशावर रेघ आली, मधली कायमची खैरवलीत गेली. भीमरावांनी त्या कागदाला प्लास्टिकचं आवरण घालून घेतलं. खैरवलीत फटाके वाजले. करंजपाडा हिरमुसला, पण सरकारी कागदापुढे कोण काय बोलणार? वाद मिटला.

मी त्या वर्षी अंजनीच्या घरी होतो. त्या पाडव्याला कुणी मला उतरवायला आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मांजर म्हातारं होऊन गेलं. मला माळ्यावर टाकलं, मोडका मिक्सर आणि अभिजीतचं शाळेतलं दप्तर यांच्या मधे. अभिजीत हा अंजनीचा मुलगा. त्यालाही मीच पोहायला शिकवलं होतं. मुंग्यांनी माझ्या देठाशी घर केलं. रागवावं असं कुणी नव्हतं म्हणून मी रागावलो नाही, पण वाईट वाटलं हे कबूल करतो.

माळ्याला एक झरोका आहे आणि त्यातून फाटा दिसतो. त्यामुळे पुढे काय झालं ते मी सगळं पाहिलं. पहिल्या वर्षी पाण्यात दगड अडकले. दुसऱ्या वर्षी दगडांमागे वाळू साठली. तिसऱ्या वर्षी सगळीकडे हिरवीगार जलपर्णी, इतकी दाट की बगळे तिच्यावरून चालत जायचे. नदीच्या वरच्या अंगाला वीजघर आहे, तिथून रोज पाणी सुटायचं ते वरच्या डोहातच फुगून राहायचं. पावसाळ्यात त्याला वाट मिळेना, तेव्हा ते खैरवलीच्या खालच्या आळीत शिरलं. तिकडचाही फाटा तसाच तुंबला होता.

सगळ्यांत वाईट दशा झाली अंजनीची. तिचं घर फाट्याला लागून, विहीर फाट्याच्या झऱ्यावर, आणि विहिरीवर तिचा भाजीचा मळा. माठ, पालक, आंबटचुका. सकाळी सहाला बदलापूर स्टेशनाबाहेर तिची टोपली लागते आणि आठपर्यंत रिकामी होते, असं वीस वर्षं चाललं होतं. आता विहिरीचं पाणी काळपट झालं, त्याला वास मारू लागला. एक दिवस ती भरलेली टोपली घेऊन परत आली. नेहमीच्या बाईने माठाची जुडी नाकाशी धरली आणि खाली ठेवली, असं तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा बाळाजी कंपनीतून पाळी करून आला होता. तो जेवता जेवता उठला आणि विहिरीचं पाणी बघून आला.

अभिजीत वांगणीला राहायचा, आणि शेजारीच त्याने आईबापासाठी फ्लॅट घेतला होता. तो दर रविवारी येऊन बसायचा.

“आई, टेन्शन कशाला घेते? तिकडे चोवीस तास पाणी आहे, लिफ्ट आहे. इथे काय ठेवलंय? जमिनीला पार्टी तयार आहे, आपण फक्त हो बोलायचं.”

“मी तिथं काय करू दिवसभर?”

“काय म्हणजे? आराम कर ना.”

अंजनीने आयुष्यात आराम केलेला नव्हता आणि तो कसा करतात हे तिला माहीत नव्हतं. पण विहिरीकडे बघून तिचाही धीर सुटत चालला होता. शेवटी ती म्हणाली, “दिवाळीपर्यंत बघू. पाणी सुधरलं तर मी इथंच. नाय सुधरलं तर तू बोलशील तसं.”

ती स्वस्थ बसली नाही. गावात घरोघर फिरली, आपला फाटा आपण साफ करू म्हणून सांगितलं. सगळ्यांना पटलं. मोबाइलवर ग्रुप निघाला, त्यात साठ माणसांनी अंगठे दाखवले. ठरलेल्या रविवारी चारजण आले, त्यातल्या दोघांनी फोटो काढले. उरलेल्या दोघांनी थोडी जलपर्णी ओढली आणि पाठ धरून घरी गेले. ‘हे पंचायतीचं काम आहे,’ असं ठरलं. पंचायतीने अर्ज वर पाठवला.

दसरा झाला. दिवाळीची साफसफाई करायला अंजनी माळ्यावर चढली, आणि तीन वर्षांनी मला माणसाचा हात लागला. तिने मुंग्या झटकल्या, पदराने मला पुसलं आणि मांडीवर घेऊन झरोक्यापाशी बसून राहिली. समोर तुंबलेला फाटा होता. ती माझ्याकडे बघायची, फाट्याकडे बघायची. मग माझ्याशीच बोलायला लागली.

“पयले कसा साफ असायचा रे हा. कोण करायचं?” तिने बोटांवर एकेक घर मोजून पाहिलं. “आपल्यातला तर कोनी कधी फावडं नाय मारलं इथं.”

आणि ती हसायला लागली. एकटी, माळ्यावर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. खरं सांगतो, मी एवढी वर्षं या कामात, पण माझ्याही लक्षात आलं नव्हतं. चाळीस वर्षं खैरवली करंजपाड्याचा फाटा साफ करत होती आणि करंजपाडा खैरवलीचा. स्वतःच्या दारासाठी यातल्या एकाही माणसाने कधी कंबर वाकवली नसती. शेजाऱ्याला हरवायचं म्हटलं की मात्र दोन्ही गावांच्या अंगात हत्तीचं बळ यायचं.

ती मला काखेत घेऊन पुलावरून वळसा घालत खैरवलीला गेली. भीमराव आता निवृत्त झाले आहेत. ओट्यावर बसून घड्याळ दुरुस्त करत होते. मला पाहताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. भिंतीवरची माझी खुंटी रिकामी होती, तिच्यावर त्यांनी दुसरं काही टांगलेलं नव्हतं.

“काय वहिनी, भोपळा परत करायला आलात काय?”

“नाय भाऊ. भांडायला आली.”

“कशाबद्दल?”

“मधली आमची. तुमचा नकाशा आम्हाला मान्य नाय. पाडव्याला भोपळा सुटला पायजे.”

भीमरावांनी घड्याळ बाजूला ठेवलं. त्यांच्या भिंतीवर गुडघाभर उंचीवर पावसाळ्यात शिरलेल्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. ते तिच्याकडे बघत राहिले, मग रेघेकडे, मग माझ्याकडे. फिटर माणूस, यंत्र कुठे अडलंय ते त्याला चटकन कळतं.

“वहिनी, एक विचारू? तुम्हाला मधली पाहिजे का पाणी?”

“दोन्ही पायजे बोलली तर?”

“दोन्ही नाही मिळणार. नदी तुमच्या दारातून गेली तर मधली आमची.”

“ते मला कळतंय. पन गावात बोलू नका.”

भीमरावांच्या मिशीखाली हसू आलं. “कागद सरकारी आहे, तो कपाटात राहील. त्याला कोण हात लावतंय? पण गडी कमी पडतील हो. आता पोरांना असल्या गोष्टीत इंटरेस्ट राहिला नाही.”

“मग माझं नाव सांगा. बोला, करंजपाड्याची एक बाई दारात येऊन बोलून गेली, खैरवलीवाल्यांनी ड्रोनच्या आडून बेट मारलं, पान्यात उतरायची ताकद नव्हती म्हनून.”

“असं म्हणालात तुम्ही?”

“आता बोलली ना.”

अंजनी घरी येईपर्यंत तिचं बोलणं तिच्या आधी दोन्ही गावांत पोचलं होतं. करंजपाड्यात तिची वाहवा झाली. जे साठजण अंगठे दाखवून घरी बसले होते, ते चव्हाट्यावर जमले आणि त्यांनी आपापली फावडी कुठे आहेत याची चौकशी सुरू केली. खैरवलीत तर पोरं इतकी पेटली की बदलापूरला कामाला जाणाऱ्यांनी सुट्ट्या टाकल्या. मला अंजनीच्या ओट्यावर मानाच्या जागी ठेवलं गेलं. तिथून सगळं छान दिसत होतं.

पाडव्याच्या आठ दिवस आधी, दुपारी अडीचच्या सुमाराला, खैरवलीचे पंचवीसजण मधली ओलांडून फाट्यात उतरले. पुढे भीमराव, तोंडात शिट्टी, पण ती वाजवायची नाही. कारण सगळं गुपचूप चाललं होतं. अंजनीने घराचं दार ओढून घेतलं. रीत अशी की तिने ते बघायचंच नाही. आत ती फटीला डोळा लावून उभी होती.

तीन वर्षांची जलपर्णी निघायला तयार होईना. दोराने बांधून दहा-दहाजण ओढत होते. एकाचा पाय वाळूत रुतला, त्याला तिघांनी काढलं. घामाघूम झाले बिचारे. तिच्याने राहवेना. तिने मोठ्या पातेल्यात चहा केला, काठावर नेऊन ठेवला, शेजारी कप ठेवले, आणि त्यांच्याकडे न बघता, म्हशीसाठी आंबोण ठेवावं तसा ठेवून परत दार लावून घेतलं. थोड्या वेळाने पातेलं रिकामं होतं. कप धुऊन पालथे घातलेले होते. बोललं कुणी कुणाशी नाही.

पलीकडे करंजपाडेकर खैरवलीच्या फाट्यात काय करत होते ते मला दिसत नव्हतं, पण तिकडूनही भज्यांचा वास येत होता.

पाचव्या दिवशी फाट्यातून आवाज यायला लागला. पाणी दगडांवरून वाहताना येतो तो आवाज. अंजनी रात्रीचा भात टाकून बाहेर आली आणि नुसती ऐकत उभी राहिली. सातव्या दिवशी तिने विहिरीतून बादली काढली, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. मग एक घोट घेतला. तिथेच विहिरीच्या कडेला ती बसली आणि तोंड पदराने झाकून रडली. बाळाजी धावत आला, “काय झालं?” तर ती म्हणाली, “काय नाय. पानी गोड लागतंय.” मला त्या क्षणी फार आनंद झाला. भोपळ्याला आनंद दाखवता येत नाही म्हणून, नाहीतर मीही टुणकन उडी मारली असती.

पाडव्याला दोन्ही काठ माणसांनी भरले. इतकी गर्दी मी पूर्वी पाहिली नव्हती. वांगणीहून अभिजीत आला होता, मोबाइल वर धरून उभा. मोजणीचा नकाशा भीमरावांच्या कपाटात होता आणि भीमराव पाण्यात. अंजनी मला घेऊन वरच्या खडकावर गेली. दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला. करंजपाडेकर हात करून ओरडत होते, “तिकडे! तिकडे जा!” खैरवलीकर त्यांच्याकडे बोट दाखवून तेच ओरडत होते. चाळीस वर्षांत दोन्ही काठांनी मला फक्त दूर जायला सांगितलं आहे.

अंजनीने मला पाण्यावर टेकवलं. वाकून माझ्या देठाशी तोंड आणलं. तिच्या गावातल्या एकाही माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, “माझ्या दारातून ये.”

मी निघालो. मधलीच्या नाकाशी पोचलो तेव्हा दोन्ही फाटे मोकळे होते, दोन्हीकडे पाणी खळाळत होतं, आणि मला एक क्षण जागच्या जागी गोल फिरावं लागलं. मग धारेने मला धरलं आणि करंजपाड्याच्या फाट्यात ओढलं. धुण्याच्या दगडांवरून, अंजनीच्या मळ्यासमोरून, तिच्या विहिरीजवळून मी डौलात गेलो. खैरवलीत ढोल वाजला. करंजपाड्याच्या काठावरून एक मोठा सुस्कारा आला आणि मग चाळीस आवाज एकदम म्हणाले, “पुढच्या वर्षी बघतो तुम्हाला.”

सगळं गाव तोंड पाडून उभं होतं. अंजनीही मान खाली घालून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईने तिला धीर दिला, रडू नको म्हणाली. अभिजीत जवळ आला.

“आई, हरलो ना आपण. तू हसते काय?”

“अभ्या,” ती म्हणाली, “तो वांगणीचा फ्लॅट भाड्यानं दे.”

आता मी अंजनीच्या घरी आहे. हरलेल्यांनी सांभाळायचा नियम आहे ना. माळ्यावर नाही, ओट्यावर, खुंटीला. तिने मला नवं करंजेल चोळलं आहे. सकाळी सहाला ती टोपली घेऊन स्टेशनाकडे जाते आणि साडेआठला रिकामी टोपली फिरवत परत येते. मधलीवर खैरवलीचा वाल फुलला आहे. भीमराव येता-जाता लांबूनच विचारतात, “भोपळा बरा आहे ना?” आणि अंजनी तेवढ्याच लांबून म्हणते, “तुमच्याहून बरा.” करंजपाड्यात पुढच्या दिवाळीची तयारी आत्तापासून चालू आहे. खैरवलीचा फाटा असा खणायचा की भोपळाच काय, म्हैस वाहून गेली पाहिजे, असं परवाच चव्हाट्यावर ठरलं.

माझ्या देठाला एक बारीक चीर गेली आहे. अजून दहा पाडवे निघतील, कदाचित बाराही निघतील. नंतरचं मला माहीत नाही, आणि त्याची चिंताही वाटत नाही. मी फार समाधानात आहे. माझं तुमच्याकडे मागणं एकच. आमचा हा वाद मिटवायला जाऊ नका. आणि कुणी शहाणा माणूस हातात नकाशा घेऊन आलाच, तर त्याला घरात बसवा, चहा पाजा, वालाचं बिरडं खाऊ घाला, आणि संध्याकाळच्या आत बदलापूर स्टेशनात नेऊन सोडा.